पोरीच्या फोटोवर निवडलेला मॉनिटर

"गेमिंगला पाहिजे का ऑफिसला?" नांदेडच्या दुकानदारानं हा प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारला. मॉनिटर मला घ्यायचा होता, त्याच्यासमोर बसणार मी होते, आणि त्यासाठी लातूरहून साडेतीन तास एसटीत अंग घुसळून घेत आले होते तीही मीच. पण नवरा-बायको दुकानात शिरले की दुकानदाराला त्यातलं एकच माणूस दिसतं. माझा नवरा डाळ मिलमध्ये मालाची आवक-जावक बघतो. कंप्युटरशी त्याचा संबंध सिनेमा बघण्यापुरता. त्यानं जराही न अडखळता सांगून टाकलं, "ऑफिसला."

"ऑफिसला नाही, फोटोला," मी म्हणाले.

दुकानदार हसला. "ताई, फोटो काय, कशावर बी दिसतो की."

दिसतो, ते मलाही ठाऊक होतं. कसा दिसतो, याच्यापायी माझी अकरा वर्षांची नोकरी गेली होती.

मी लग्नाचे अल्बम बनवते. फोटोग्राफर एका लग्नात हजारभर फोटो काढतो आणि जेवून घरी जातो. त्यातले दोन-अडीचशे निवडायचे, पानांवर मांडायचे, सगळ्यांचे रंग सारखे करायचे, मांडवाचा वाकडा बांबू पुसायचा, भाषणाच्या मध्ये जांभई देणारे मामा कापायचे, हे सगळं माझ्यासारखं कुणीतरी करतं. अल्बमच्या पहिल्या पानावर स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरात असतं. माझं नाव कुठंच नसतं, आणि नसलेलंच बरं, असं आता वाटतं.

लातूरच्या एका स्टुडिओत मी हे काम केलं. त्या अकरा वर्षांत गिऱ्हाइकांनी मला नाना गोष्टी सांगितल्या. कुणी म्हणायचं डोळे उघडा, कुणी म्हणायचं पोट आत घ्या, एकानं तर भांडण झालेल्या भावाला सगळ्या फोटोंतून काढायला लावलं होतं. पण एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी ठरलेलं. "जरा उजळ करा." मास्तर असो, शेतकरी असो, सोसायटीचा चेअरमन असो. नवरीची आई तर खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहायची. "आमची पोरगी एवढी काळी न्हाई ओ, तुमच्या लायटीनं झालीय." मी मान डोलवायचे आणि माउसनं स्क्रीनवरची उजळ करायची पट्टी उजवीकडं सरकवायचे. आमच्या भागातल्या पोरी हळद लागल्यावर काय सुरेख दिसतात. सावळ्या कातडीवर ती हळद अशी काही चमकते की बघत बसावं. मी ती सगळी चमक घालवून त्यांचे गाल भाकरीच्या पिठासारखे करून द्यायचे. आई खुश, मालक खुश.

मला त्याचा राग यायचा. तोंडावर दाखवता येत नव्हता, पण यायचा, कारण मी स्वतः असल्याच एका फोटोच्या जिवावर या घरात आलेय.

माझं माहेर उमरीजवळचं एक खेडं. लग्नाचं बघायला लागले तेव्हा वडील मला आणि आईला घेऊन उमरीला गेले, फोटो काढायला. फोटोवाल्यानं मला बघितलं आणि आईला विचारलं, "पावडर आणलीय का?" आईनं अख्खा डबा आणला होता. तोंडाला, मानेला, मनगटापर्यंत हातांना पावडर चोपडून झाली. मग दोन मोठे दिवे तोंडावर, इतके जवळ की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढं करून त्यानं प्रिंटही उजळ मारली. फोटो घरी आला तेव्हा आम्ही बहिणी पोट धरधरून हसलो. माझी साडी नेसून कुणीतरी भलतीच बाई बसली होती. वडील तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "बेस आलाय."

लातूरचे पाहुणे आले. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर गेले. आज जी माझी सासू आहे, तिनं पिशवीतून तो फोटो काढला. माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं, परत माझ्याकडं. आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "फोटोवाल्याचा हात लई चांगला हाय की ओ."

सगळी बैठक हसली. वडीलही हसले, त्यांना हसावंच लागलं. ताटल्या माझ्या हातात तशाच होत्या, आणि त्या कुणापुढं धरायच्या तेच मला कळेना. लग्न जमलं, रंगाची कसर दुसऱ्या बाजूनं भरून निघाली असावी. मला ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढं घरात कधी वाजलं की सासूबाईंचा शब्द ठरलेला असायचा, "चला, फोटोतली रुसली." त्या उमरीच्या फोटोवाल्याला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्यात की त्याला उचक्या लागून लागून तो बेजार झाला असेल. त्याला फोटोत मला गोरी करायला सांगणारे माझे वडील होते. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यांना काय बोलणार?

आता नोकरीचं सांगते. स्टुडिओतला मॉनिटर मालकानं भडक करून ठेवला होता. गिऱ्हाईक खुर्चीत येऊन बसलं की त्याला सगळं लखलखीत दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं गणित. अल्बमची छपाई मात्र नांदेडच्या लॅबमध्ये व्हायची. फाइल इकडून जायची, आठ दिवसांनी अल्बम एसटीच्या पार्सलनं यायचा. उघडून बघावं तर नवरी काळवंडलेली, नवरदेव तिच्याहून काळा आणि शालू शेवाळलेला. गिऱ्हाईक मालकावर ओरडायचं, मालक माझ्यावर. एकदा भर दुकानात, नवरीच्या चुलत्यांसमोर तो म्हणाला, "तुला डोळे हायत का न्हाई?"

मला डोळे होते. त्याच्या मॉनिटरवर जे दिसत होतं तेच मी बघत होते. दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही.

घरीच काम सुरू करायचं म्हटल्यावर मी नांदेडच्या लॅबवाल्याला फोन लावला. इतकी वर्षं फक्त आवाजानंच ओळखत होते त्याला. तो म्हणाला, "ताई, आमच्या मशीनीत खोट न्हाई. तुमचा मॉनिटर खोटं बोलून राहिला होता. आता मी सांगतो तसं करा. ज्याचा रंग तुम्हाला पाठ हाय, असा एक फोटो घ्या. आमच्याकडं त्याची प्रिंट मारा. ती प्रिंट घेऊन दुकानात जा, स्क्रीनवर तोच फोटो लावा, बाजूला प्रिंट धरा. दोन्ही सारखे दिसले तर घ्या. डब्यावर लिवलेलं कायबी वाचू नका."

मला आजवर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा एकच सरळ होता.

रंग पाठ असलेला फोटो. असं एकच तोंड माझ्याजवळ होतं. माझी पोरगी तेव्हा अकरावीला होती. उन्हातान्हात सायकलवर क्लासला जायची. ती माझ्यावरच गेलीय, माझ्याहून एक छटा जास्तच. ती लहान असताना सासूबाईंनी डाळीचं पीठ आणि साय लावून तिला घास घास घासलं होतं. पोर घासून लाल व्हायची, रडून रडून अजून लाल व्हायची, गोरी काही झाली नाही. रोज तेल लावून लावून तिचा रंग माझ्या हाताला माहीत झाला होता. कपाळ गालांपेक्षा थोडं गडद, हनुवटीखाली उतरत गेलेला तांबूसपणा, नाकाच्या शेंड्यावर कायम घामाचा एक ठिपका. एका दुपारी ती क्लासवरून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून पाणी पीत होती, तेव्हा मी मोबाईलवर तिचा फोटो काढला होता. निळा कुर्ता, हातात तांब्या, माझ्याकडं बघून हसतेय. तो फोटो मी निवडला. लॅबमध्ये जाऊन प्रिंट मारून घेतली, ती पुठ्ठ्यात घालून पिशवीत ठेवली आणि तिथून आम्ही दुकान गाठलं.

दुकानात भिंतभर मॉनिटर लावले होते आणि सगळ्यांवर रंगीत मासे पोहत होते. असले मासे कुणी बघितलेत? म्हणून त्यांचा रंग खरा का खोटा, तेही कुणाला कळत नाही. दुकानदार आम्हाला थेट एका वाकड्या पडद्यापुढं घेऊन गेला. मोठा, काळा, दोन्ही बाजूंनी आत वळलेला.

"हे बगा साहेब, गेमिंगचा हाय, पर कशाला बी चालतंय. लई फास्ट. चित्र कसं हरणावानी पळतंय."

"माझे फोटो पळत नसतात," मी म्हणाले.

नवऱ्याचा जीव मात्र त्या वाकड्या पडद्यात अडकला होता. त्याच्यापुढं उभा राहून तो डोकं डावीकडं-उजवीकडं करत होता. "अगं, बघ तरी. थेटरात बसल्यावानी वाटून राहिलंय."

मी पेन ड्राइव्ह काढला. दुकानदारानं नाराजीनंच लावला. पोरगी त्या मोठ्या पडद्यावर आली, आणि तिच्यामागची दाराची चौकट धनुष्यासारखी वाकलेली दिसायला लागली. मी प्रिंट बाजूला धरली. समोरून तोंड बरं दिसायचं, पण जरा बाजूला झालं की गाल पांढुरके. अल्बमच्या पानावर सगळ्या सरळ रेघा असतात, त्या यावर कशा मांडणार? मी म्हटलं, हा नको.

दुसऱ्यावर ती राखेसारखी दिसली. तिसऱ्यावर भांडून आल्यासारखी लालबुंद. चौथ्यावर नवरीसारखी गुळगुळीत. प्रत्येक वेळी मी पुठ्ठ्यातून प्रिंट काढायचे, पडद्याच्या कडेला धरायचे, मान हलवायचे. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक आपलं काम सोडून आमच्याकडं बघायला लागलं. दुकानदार नवऱ्याला हळूच म्हणाला, "वहिनींची पसंती लई अवघड दिसते." नवरा म्हणाला, "हाव, मला बी वीस वर्षं झाली." दोघं हसले. मीही हसले असते, पण माझं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं. तिथं एक सपाट मॉनिटर बंद ठेवलेला होता, अंगावर धूळ.

"तो लावा."

"तो कुणी न्हेत न्हाई ताई. डल हाय."

"लावा."

त्यानं लावला. मी उजेड थोडा कमी करायला सांगितला, तेवढ्यासाठीही त्याला शोधाशोध करावी लागली, कारण आजवर कुणी कमी करा म्हटलं नव्हतं. मग फोटो उघडला. कपाळ गडद, हनुवटीखाली तांबूस, नाकावर घामाचा ठिपका. प्रिंट बाजूला धरली तर पोरगी जोडीनं उभी राहिली, एक कागदावर, एक काचेवर. तिला अशी जशीच्या तशी मी कुठल्याच पडद्यावर बघितली नव्हती.

नवरा जवळ आला. बघितलं आणि म्हणाला, "याच्यात तर ती काळीच दिसून राहिली."

"ती आहेच तशी," मी म्हणाले.

तो दुसरीकडं बघायला लागला. त्याच क्षणी, दुकानात उभ्या उभ्या, मी ठरवून टाकलं. उद्या पोरीचं लग्नाचं बघायला लागलो की तिचा फोटो यावरूनच जाईल, जसा आहे तसा. मला बघून बैठक जशी हसली, तसं माझ्या पोरीला बघून कुणी हसणार नाही. बाकी अल्बम-बिल्बम सगळं त्याच्यानंतर. मॉनिटर घेतला, आणि लातूरपर्यंत खोकं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "टीव्ही हाय का?" नवरा म्हणाला, "तसलंच हाय."

त्या वर्षी खंडेनवमीला सासूबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन खोलीत आल्या. आमच्याकडं त्या दिवशी विळी-कोयत्यापासून शिलाई मशीनपर्यंत घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. कंप्युटरचीही करायची, यात काही वाद नव्हता. पण त्यांनी बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि थेट पडद्याच्या मधोमध न्यायला लागल्या. मी त्यांचं मनगट धरलं. तो पडदा खरबरीत असतो, त्यात ओलं कुंकू शिरलं तर जन्मात निघत नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, खाली लावा, पायाला." त्यांनी लावलं, पण बोलल्याच. "आमच्या हातच्या कुंकवानं तुजी मशीन बाटती व्हय?" तेव्हापासून त्यांनी त्या मॉनिटरकडं बघणं सोडलं. पुढची चार वर्षं त्याच्या पायाशी कुंकू मीच लावलं.

काम चांगलं चाललं, हे सांगितलंच पाहिजे. मी जे बघायचे तेच नांदेडहून छापून यायचं. स्टुडिओवाले घरी यायला लागले, आधीचा मालकसुद्धा एकदा माणूस पाठवून विचारून गेला. पण गिऱ्हाईक घरी आलं की नाक मुरडायचं. खिशातला मोबाईल काढून माझ्या पडद्याजवळ धरायचं. "बगा, ह्याच्यात पोरगी किती चांगली दिसून राहिली. तुमचाच स्क्रीन खराब हाय." आणि मग तेच, जरा उजळ करा. मी करून द्यायचे. खरा मॉनिटर आणून माझ्या कामात फरक काय पडला, तर आधी मी अंदाजानं खोटं करायचे, आता मोजून मापून करायला लागले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मला वाटायचं, हे पोटासाठी आहे, दुसऱ्यांच्या पोरींचं आहे. आपल्या पोरीचं आपण वेगळं करू.

पोरगी बी.एस्सी. झाली. एका क्लासमध्ये पेपर तपासायला जायला लागली. पाहुण्यांत बोलणी सुरू झाली, आणि बायोडाटासाठी फोटो पाहिजे म्हणून नवऱ्यानं टुमणं लावलं. मी सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला गच्चीवर नेलं. मोरपंखी साडी, केस मोकळे. फोटो असा आला होता की तिला माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. मॉनिटरवर उघडला, मागची पाण्याची टाकी तेवढी पुसली आणि चेहऱ्याला हात न लावता नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवला.

पहिलं स्थळ "कळवतो" म्हणालं. दुसरंही कळवतोच म्हणालं. तिसरे निलंग्याचे, त्यांनी निदान खरं सांगितलं. मुलगी शिकलेली आहे, घर चांगलं आहे, पण आमच्यात सगळे उजळ आहेत. कुणी बघायला म्हणून उंबऱ्यापर्यंत आलं नाही. देवणीच्या बाजारात गाय घेतानासुद्धा माणूस समक्ष जातो, दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. माझ्या पोरीला मोबाईलवरच नापास करत होते.

नवरा माझ्यावर चिडला. "समदं जग करतंय ते तुला करायला काय झालं? तुजं तर कामच हाय ते."

"आणि समोर आल्यावर काय सांगायचं? पावडर उतरली म्हणून?"

"समोर येऊ तर दे कुणाला आधी."

त्याचं म्हणणं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. म्हणूनच मला ते जास्त झोंबलं. पण मी हटले नाही. मी माझ्या वडिलांसारखं करणार नाही, हे इतकी वर्षं उराशी धरून बसले होते.

हटले ती पोरीपुढं. एका रविवारी दुपारी मी कुणाच्या तरी साखरपुड्याचं काम करत होते. पोरगी मागं येऊन उभी राहिली. पडद्यावर एक सावळी नवरी होती आणि माझा हात सवयीनं त्या पट्टीवर. पट्टी सरकली, नवरी उजळली. पोरगी म्हणाली, "मम्मी, सगळ्यांच्या पोरींना तू करून देतीस. माझ्याच वेळी तुझा मॉनिटर खरा होतो व्हय?"

मी खुर्ची फिरवली. मला वाटलं होतं तिला माझा अभिमान असेल. दुकानातली प्रिंटची गोष्ट मी तिला कितीदा सांगितली होती, दरवेळी ती हसायची. आता ती हसत नव्हती. तिला त्या तिघांनी नापास केलं होतं आणि त्यांच्या रांगेत तिनं मलाही उभं केलं होतं.

"तू आहेस तशीच सुंदर आहेस," मी म्हणाले. बोलता बोलताच मला ते वाक्य किती बिनकामाचं आहे हे कळलं.

"ते तुला दिसतंय. त्यांना कुठं दिसतंय?"

मी तिचा गच्चीवरचा फोटो उघडला. पट्टी थोडी सरकवली. ती म्हणाली, "अजून." मी सरकवली. "अजून थोडी." हनुवटीखालचा तांबूसपणा गेला. कपाळ आणि गाल एक झाले. नाकावरचा ठिपका तिनं बोट दाखवून पुसायला लावला. "बस," ती म्हणाली. मी बघितलं. मोरपंखी साडीत कुणीतरी बसलं होतं, आणि तिला मी ओळखत होते. ती उमरीच्या फोटोतली बाई होती. एवढा निवडून आणलेला मॉनिटर, त्यानं तेही जसंच्या तसं दाखवलं.

तो फोटो गेल्यावर पंधरा दिवसांत देवणीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. मी आत पोहे केले, पोरगी चहा घेऊन बाहेर गेली. मी दाराशी उभी होते, आणि जे होणार होतं ते मला पाठ होतं. आत्यांनी पर्समधून मोबाईल काढला. पोरीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं, परत पोरीकडं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी ते बघितलं आणि खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी तशी मान घालताना कधी बघितलं नव्हतं.

"फोटो कुठल्या स्टुडिओत काढला ओ?" आत्यांनी विचारलं.

पोरगीच म्हणाली, "मम्मीनं काढलाय. घरीच."

आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात लई चांगला हाय की ओ तुमचा."

मुलाचे वडील हसले. माझा नवरा हसला, त्याला हसावंच लागलं. चहाचा ट्रे पोरीच्या हातात होता आणि तो कुणापुढं धरायचा हे तिला कळत नव्हतं. मी पुढं होऊन तो घ्यायला पाहिजे होता. मी दाराशीच राहिले. ज्या फोटोवाल्याला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्याच्या जागी मी उभी होते.

निघताना आत्या दाराशी थांबल्या. चप्पल घालता घालता हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा नंबर द्या बरं. आमच्या धाकट्या लेकीचं बी बघून राहिलो. पोरगी गुणाची हाय, रंगात तेवढी मार खाती. तिचा फोटो पाठवू का?"

माझ्या तोंडून "पाठवा" गेलं. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, अजून निरोप यायचा होता.

होकार आला नाही, नकारही आला नाही. पाचव्या दिवशी धाकटीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, तुमच्या मुलीचा केला तसा करा. मी तो मॉनिटरवर उघडला. अठरा-एकोणीसची पोर, अंगणात तुळशीपाशी उभी. कपाळ गालांपेक्षा गडद. मी माउसवर हात ठेवून नुसती बसून राहिले. हिच्यासाठी तरी नाही म्हणू, असं मनात येत होतं, आणि मोबाईलवर उत्तर काय लिहावं ते जुळवत होते.

पोरगी मागं कधी आली मला कळलं नाही. तिनं फोटो बघितला, खालचा निरोप वाचला, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली.

"सरक," ती म्हणाली. "मी करते."

तिनं माझ्या हातातून माउस घेतला. ती पट्टी कुठं असते हे तिला विचारावं लागलं नाही.